साठ वॅट

दुर्भाटला धक्क्यापासून चौथं घर.
शाणू पालयेकर, फेरीबोटीवरून निवृत्त.
तक्रार बायकोची:
माणसं चार, बिल दहा जणांचं.

मी बूट काढले, पिशवीतून क्लॅम्प मीटर काढला.
प्रतिमाबाईंनी आधी चहा दिला,
मग सुनेच्या पाठीकडे बोट केलं, "गिझर. सकाळभर."
आत भांडी जरा जोरात ठेवली जाऊ लागली.

फ्रिजच्या दारात दहाची नोट धरून दार लावलं.
ओढली. नोट आली अलगद,
जत्रेत खिशातून जाते तशी.
रबर गेलंय, म्हटलं, तुम्ही अंगणातला वारा गार करताय.
आत सोलांची बरणी, सुकी सुंगटं,
आणि चवथीच्या नेवऱ्या, ज्या आता
कुणी खात नव्हतं, कुणाला टाकवतही नव्हत्या.

एसीच्या खोलीत उदबत्ती पेटवली.
धूर सरळ वर जाईना, वळून वळून
खिडकीच्या एकाच कोपऱ्याकडे निघाला.
प्रतिमाबाईंचे हात जोडले गेले.
"देव नव्हे हो, फट आहे."
त्या हसल्या,
पण हात सोडायला थोडा वेळ घेतला.

पंख्याचा डबडा रेग्युलेटर, हात लावला तर चटका.
पंप बंद करायचा कधी?
टाकी वाहिल्याचा आवाज आला की.
(मागच्या केळी त्यावरच माजलेल्या.)

दिवेलागणीला म्हटलं, आता सगळं बंद करा.
"देवाकडचा दिवासुद्धा?"
तो तेलाचा, राहू दे.
घर इतकं गप्प झालं
की जुवारीचं पाणी पायरीशी आल्यासारखं वाटलं.
मी मीटरसमोर उभी.
लाल ठिपका मिचकला.
एकोणीस मोजले.
पुन्हा मिचकला.
सगळे हात धुऊन उठले होते
आणि कुणीतरी अजून जेवत होतं.

शाणूबाब इतका वेळ
कॅलेंडरातली भरती-ओहोटी वाचत होते.

वायर सापडली न्हाणीमागे.
तिथून फणसाच्या खोडावर, खिळ्याखिळ्याने,
कुंपणापलीकडच्या माडाला एक वेढा,
आणि खाली धक्क्यावर
तेलाच्या कापलेल्या डब्याखाली
एक बल्ब. जुन्यातला, तारेचा.
साठ वॅट.

"सरकारी दिवा अकरा वर्षं बंद आहे, बाय.
चार पत्रं दिली.
फेरी थांबली तरी होड्या थांबत नाहीत.
खुबेवाल्या बायका येतात, ओहोटी रात्रीची असली की.
काळोखात धक्का लागत नाही, आपटतो.
मी छत्तीस वर्षं
कान लावून बोट लावली."

प्रतिमाबाई बोटांवर काहीतरी मोजत होत्या,
अकरा वर्षं, रोजचे बारा तास.
मध्येच मोजणं सोडून
सुनेला म्हणाल्या, "तू चहा घेतलास का?"

खरं तर गिझर दिव्याहून कितीतरी जास्त खायचा.
ते मी त्या संध्याकाळी सांगितलं नाही.
अहवालात लिहिलं, पान तीन.

आमच्या तक्त्यात उपकरणापुढे खोली लिहावी लागते:
हॉल, स्वयंपाकघर, न्हाणी.
मी लिहिलं, नदी.
ऑफिसात विचारतील तेव्हा बघू.

नऊ वॅटचा देते, म्हटलं, उजेड तेवढाच.
"पांढरा नको. पांढरा पाण्यावर फुटतो,
लांबून एकाचे दोन दिसतात."
पिवळा मिळाला फोंड्यात, तिसऱ्या दुकानात.

गुरुवारी तो घेऊन गेले, फ्रिजचं नवं रबरही.
दार लावलं, तीच दहाची नोट, ओढली.
येईना. अजून ओढली.
टरकन फाटली.
अर्धी माझ्या हातात.
अर्धी आत, नेवऱ्यांजवळ कुठेतरी.
सून पहिल्यांदाच मोठ्याने हसली.